काँट्रा तोच, पण कॅसेट वेगळी होती

नाशिक जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३९, नोकरी, घरी पत्नी आणि १० वर्षांची मुलगी. लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता आणि त्यासोबत '९९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट. यंदा त्यांनी हजारो जुने गेम भरलेलं, हातात मावणारं रेट्रो कन्सोल घेतलं. वहीत ४३ गेमची यादी केली: लहानपणी अर्धवट राहिलेले, आणि तेव्हा मिळालेच नाहीत पण नाव ऐकलेले. रात्री दहानंतर अर्धा-पाऊण तास मिळतो. कन्सोल एचडीएमआयने ४३ इंची टीव्हीला जोडून, वायरलेस कंट्रोलरने खेळतात. आठ महिन्यांत फक्त दोन गेम संपले. अकराव्या वर्षी भावाबरोबर रोज संपवायचे तो 'काँट्रा' आता दुसऱ्या स्टेजलाच अडतो. सेव्ह स्टेट (खेळ हव्या त्या क्षणी साठवून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय) वापरलं तर चीटिंग केल्यासारखं वाटतं. मुलगी पाच मिनिटं बघते आणि उठून जाते. 'हात गेले, की हे गेम मुळात चांगले नव्हतेच आणि मी आठवणींना चिकटलोय? कन्सोल विकून टाकू का?'

नमस्कार.

विकायचं की नाही ते जरा बाजूला ठेवू. 'हात गेले' हा निष्कर्ष तुम्ही फार लवकर काढलाय. तो काढण्याआधी एक तपासायला हवं: आज तुम्ही खेळताय तो गेम आणि अकराव्या वर्षी खेळायचात तो गेम एकच आहे का? तुम्ही लिहिलेल्या तपशिलांवरून तरी तो एक नाही.

आधी वेग. आपल्याकडचे तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं दाखवणारे. जपानमध्ये १९८३ साली आलेला निन्टेंडोचा गेम कन्सोल फॅमिकॉम आणि त्याचाच अमेरिकेतला अवतार एनईएस हे सेकंदाला ६० चित्रांवर चालायचे. आपल्या बाजारात मिळायच्या त्या फॅमिकॉमच्या नकला, आणि त्या बहुतेक ५० वर जुळवलेल्या. या गेमचं सगळं घड्याळ चित्रांवर चालतं: दर चित्रामागे गोळी इतके ठिपके पुढे सरकणार, उडी इतक्या चित्रांत संपणार. चित्रं ५० झाली की अख्खा गेम त्या प्रमाणात संथ. तुमचं नवं कन्सोल गेम मूळ ६० वर चालवतं. लहानपणी पाच मिनिटांत जे घडायचं ते आता चार मिनिटं दहा सेकंदांत घडतं. वेग २० टक्के वाढलाय आणि दोष तुम्ही बोटांना देताय.

हे स्वतः पडताळून बघा. तुमच्या यंत्रात बहुधा रेट्रोआर्क हे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर असेल. 'काँट्रा' चालू असताना मेनू उघडा, कोअर ऑप्शन्समध्ये जा आणि रीजन 'ऑटो'वरून 'डेंडी' करा. डेंडी ही रशियात विकली गेलेली अशीच एक नक्कल. ५० चित्रांच्या नकली यंत्रांच्या सेटिंगला एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तिचं नाव आहे. शेजारी 'पाल' असाही पर्याय दिसेल, पण तो युरोपात विकलेल्या खऱ्या एनईएससाठी. त्यात आवाजाची पट्टीही उतरते. डेंडीत पट्टी जवळजवळ तीच राहते, फक्त लय संथ होते. गेम बंद करून पुन्हा चालू करा आणि पहिल्या स्टेजचं संगीत कान देऊन ऐका. ओळखीचं वाटलं तर तुमचं लहानपण ५० चित्रांचं होतं. आजचा पडदा ६० चा असल्यामुळे चित्र सरकताना किंचित अडखळेल, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

दुसरी गोष्ट लाइफची. मूळ 'काँट्रा'त तीन लाइफ आणि तीन कंटिन्यू. पण '९९९९९९९ इन १' छाप कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच असायचे. तेच गेम थोडे बदलून यादीत परत परत यायचे: एकात ३० लाइफ, एकात सुरुवातीलाच भारी बंदूक, एकात थेट पाचवी स्टेज. तुम्ही भावंडं रोज संपवायचात तो यातलाच कुठला तरी असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय तुम्ही दोघं होतात. दोन बंदुकांनी मारायच्या गेमशी आज तुम्ही एकटे, तीन लाइफवर आणि वाढलेल्या वेगात लढताय. ३० लाइफ हव्या असतील तर गेमच्या नावाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, मग स्टार्ट. दोघांसाठी स्टार्टच्या आधी एकदा सिलेक्ट. ही युक्ती गेम बनवणाऱ्या कोनामीनेच आत ठेवलेली आहे. ती वापरण्यात कसलीही फसवणूक नाही.

तुमच्या यादीतला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' तर उघड उघड वेगळा आहे. शाळेतल्या संगणकावरचा डॉसवाला प्रिन्स १२ लेव्हलचा, ६० मिनिटांचा. तुम्ही लिहिलंय की कन्सोलवर तो सुपर निन्टेंडोच्या, म्हणजे एनईएसनंतरच्या यंत्राच्या, विभागात आहे. तो २० लेव्हल आणि १२० मिनिटांचा, वेगळ्या महालांचा, वेगळ्या सापळ्यांचा गेम आहे. 'लेव्हल आठवतच नाहीत' अशी तुमची तक्रार आहे. आठवतील कशा? त्या तुम्ही कधी पाहिलेल्याच नाहीत. शाळेतला प्रिन्स हवा असेल तर संगणकावर डॉसबॉक्स या जुने डॉस गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो खेळा. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबून सेव्ह होतं. शिफ्ट धरून टाकलेलं पाऊल कड्यापाशी येऊन थांबतं. हा गेम पावलं मोजून खेळायचा आहे, धावत सुटलात की खिळ्यांवर पडाल. हा गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित करून त्यावरून प्रिन्सच्या हालचाली बेतल्या होत्या. म्हणून राजपुत्राला वळायला, थांबायला खऱ्या माणसाइतका वेळ लागतो. बटण दाबल्यावर तो 'उशिरा' हलतो हा बिघाड समजू नका.

खरा उशीर मात्र तुमच्या जोडणीत असू शकतो, आणि तो आजच तपासा. जुन्या टीव्हीत चित्र आलं की लगेच काचेवर उमटायचं. आजचा टीव्ही चित्र आधी स्वतःकडे ठेवतो, गुळगुळीत करतो, मग दाखवतो. वायरलेस कंट्रोलर त्यात आपली भर घालतो. तपासायला साधन लागत नाही. 'सुपर मारिओ'ची पहिली स्टेज पाच वेळा कन्सोलच्या छोट्या पडद्यावर आणि पाच वेळा टीव्हीवर खेळा. टीव्हीवरच खड्ड्यात पडत असाल तर दोष तुमचा नाही. टीव्हीत त्या एचडीएमआय पोर्टसाठी 'गेम मोड' चालू करा आणि हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. कंट्रोलर यूएसबी वायरचा घ्या. मग रेट्रोआर्कच्या लेटन्सी (उशीर) विभागात रन-अहेड चालू करून १ ठेवा. यात यंत्र एक चित्र पुढचं आधीच काढून ठेवतं, त्यामुळे गेमचा स्वतःचा एका चित्राचा उशीर निघून जातो. एनईएसच्या बहुतेक गेमना १ पुरतं. आकडा वाढवला आणि उडीच्या सुरुवातीला पात्र दचकल्यासारखं दिसलं, तर वाढवलेला आकडा चुकीचा. चित्राचा आकारही ४:३ ठेवा. रुंद टीव्हीभर ताणलेल्या चित्रात खड्डा रुंद दिसतो आणि डोळ्यांचा अंदाज चुकतो.

आता सेव्ह स्टेट. तुम्ही त्याला चीटिंग म्हणता, कारण मूळ खेळात ते नव्हतं. पण मूळ खेळात शनिवार-रविवारची अख्खी दुपारही होती, आणि ती आता तुमच्याकडे नाही. हे गेम अवघड का आहेत ते लक्षात घ्या. 'काँट्रा' हात बसलेल्या माणसाला अर्ध्या तासाच्या आत संपतो. एवढासा गेम महिनोन्महिने पुरावा म्हणून तो पुन्हा पुन्हा पहिल्यापासून खेळायला लावतो. म्हणून स्टेट वापरा, पण कुठे ते ठरवून. स्टेजच्या सुरुवातीला एक, पुढची स्टेज आली की पुढे सरकवायचं. यामुळे तुम्हाला फक्त पासवर्ड किंवा जास्तीचे कंटिन्यू मिळतात. प्रत्येक उडीआधी स्टेट घेऊ नका. तसं केलं की हाताला काही शिकायलाच मिळत नाही आणि शेवट आला तरी हाती काही लागल्यासारखं वाटत नाही. तुमच्या आठ महिन्यांतल्या दोन गेमबद्दल तुम्ही हेच लिहिलंय. एखादी अडलेली जागा सुटत नसेल तर तिथे स्टेट घेऊन ती १५-२० वेळा गिरवा, मग स्टेजच्या सुरुवातीपासून सरळ खेळा.

एक धोका नीट समजून घ्या. 'झेल्डा', 'क्रोनो ट्रिगर' यांत गेमचं स्वतःचं सेव्ह आहे. अशा गेममध्ये मागच्या महिन्यातलं स्टेट उघडलं, तर त्याच्यासोबत तेव्हाचं आतलं सेव्हही परत येतं आणि नवं सेव्ह त्याखाली पुसलं जाऊ शकतं. वीस तासांचा खेळ असा जातो. लांब गेममध्ये फक्त आतलं सेव्ह वापरायचं, स्टेटला हात लावायचा नाही.

तुमच्या यादीतल्या ज्या गेमबद्दल तुम्ही नाव घेऊन विचारलंय, त्यांच्याबद्दल आता स्पष्ट बोलतो.

'मेगा मॅन २' (१९८८) सगळ्यात आधी घ्या. अर्ध्या तासाच्या बैठकीला यापेक्षा चांगला गेम तुमच्या यादीत नाही: एका रात्री एक शत्रू, शेवटी पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचा पासवर्ड वहीत. क्रम असा ठेवा: मेटल, बबल, हीट, वुड, एअर, क्रॅश, फ्लॅश, क्विक. प्रत्येकाकडून मिळालेलं शस्त्र पुढे कामाला येतं. हीट मॅनच्या स्टेजमध्ये दिसेनाशा होणाऱ्या ठोकळ्यांची लांब रांग आहे. तिथे हात टेकलात तर हीट सोडून बाकीचे आधी उरका. एअर मॅनला हरवल्यावर मिळणाऱ्या आयटम-२ या उडत्या फळीवर बसून ती रांग वरून पार होते. खरी अडचण मुख्य खलनायक वायलीच्या किल्ल्यातल्या चौथ्या टप्प्याच्या शेवटी आहे. भिंतींवर बसवलेल्या तोफा फक्त क्रॅश बॉम्बने फुटतात, काही भिंतीही त्यानेच फोडाव्या लागतात, आणि पूर्ण भरलेल्या शस्त्रात सातच बॉम्ब बसतात. वाटेत एकही उडवू नका. बॉम्ब कमी पडले तर तिथे झगडत बसण्यात अर्थ नाही. उरलेल्या लाइफ संपू द्या आणि कंटिन्यू करा, शस्त्रं पुन्हा भरून मिळतात.

'कॅसलव्हेनिया' (१९८६) तुम्ही दोनदा सोडलाय, कारण 'कंट्रोल जड आहेत'. जड आहेत, हे खरं. नायक सायमनने उडी मारली की हवेत दिशा बदलत नाही. चाबूक बटण दाबल्यानंतर क्षणभराने लागतो. फटका बसला की तो मागे फेकला जातो, आणि बहुतेक मरणं त्या फेकण्यानेच खड्ड्यात होतात. पण अख्खा गेम याच जडपणावर रचलाय. शत्रू चाबकाच्या टप्प्यात येईल त्याच्या आधी चाबूक सोडायचा, ही एक सवय लागली की तोच गेम वेगळा वाटतो. जिन्यावर असताना फटका बसला तर मागे फेकला जात नाही, तेव्हा नको तिथे मार खायचाच असेल तर जिन्यावर खा. कंटिन्यू अमर्याद आहेत. मृत्यू नावाच्या बॉसआधी (स्टेजच्या शेवटचा मोठा शत्रू) एक लांब मार्गिका आहे: समोर कुऱ्हाडी फेकणारे चिलखती, हवेत नागमोडी येणारी मेड्युसाची डोकी. इथे होली वॉटर हे फेकायचं शस्त्र बाळगा. जमिनीवर पेटलं की चिलखती जागच्या जागी थिजतो, तेवढ्यात त्याला संपवा. हा गेम सोडू नका.

'निन्जा गायडेन' (१९८८) मध्ये एकच नियम पाठ करा: मागे हटायचं नाही. शत्रूची जागा पडद्याबाहेर जाऊन परत आत आली की तो पुन्हा जन्मतो. घाबरून दोन पावलं मागे घेतली की मारलेला ससाणा परत हजर. शेवटच्या बॉसशी हरलात तर गेम सहाव्या अंकाच्या सुरुवातीपर्यंत (६-१) मागे टाकतो. तिथे बॉसच्या दारात स्टेट घ्या, मनात काहीही न ठेवता.

पहिला 'झेल्डा' (१९८६) तुम्हाला 'दिशाहीन' वाटला. मूळ खोक्यात माहितीपुस्तिका आणि नकाशा यायचा. कॅसेटमधून किंवा कार्डातून खेळणाऱ्या आपल्यासारख्यांना अर्धा गेम कधी मिळालाच नाही. चौकटीच्या कागदावर आडवे १६ आणि उभे ८ चौकोन आखा. बाहेरचं जग बरोबर १२८ पडद्यांचं आहे, एक चौकोन म्हणजे एक पडदा. दुकान, गुहा, जळालेलं झुडूप, बॉम्बने उघडलेला कडा, सगळं त्यात मांडा. कागद भरत गेला की दिशा आपोआप सापडते. याउलट पहिला 'मेट्रॉइड' यादीतून काढाच. त्यात नकाशा नाही, आणि पासवर्डने परत आलात की शक्ती फक्त ३०. दर रात्री अर्धा वेळ ती भरण्यातच जाईल. त्याच्या जागी १९९४ चा 'सुपर मेट्रॉइड' घ्या. नकाशा आहे, सेव्ह करायच्या खोल्या आहेत, आणि एकांताचा तो भाव आणखी गडद आहे.

'बॅटलटोड्स'ही काढा. तिसऱ्या स्टेजमधल्या वाहनांच्या बोगद्यापर्यंतच तो सगळ्यांचा आहे, पुढे निव्वळ पाठांतर. दोघांनी मिळून तर अमेरिकन एनईएस आवृत्ती पूर्ण होऊच शकत नाही, अकराव्या स्टेजमध्ये दुसऱ्या खेळाडूचा कंट्रोलर काम करत नाही. पहिल्या दोन स्टेज खेळा, त्या खरोखर सुंदर आहेत. 'क्रोनो ट्रिगर' (१९९५) मात्र शेवटपर्यंत न्यायचाच. लढाईचं सेटिंग 'वेट' ठेवा, म्हणजे यादीतून जादू निवडताना शत्रू थांबतो. आणि रोज बंद करताना वहीत एक ओळ लिहा: कुठे होतो, कुणाला भेटायचंय. लांब गेम सुटतात ते कंटाळ्याने कमी आणि आठ दिवसांनी काहीच न आठवल्याने जास्त.

या सगळ्यात ४३ च्या आकड्याचं काय? तो तुम्ही स्वतः लिहिलाय, कुणाचं देणं नाही. तरी यादी हवीच असेल तर चालू गेम दोनच ठेवा: एक 'मेगा मॅन'सारखा तुकड्यातुकड्यांत खेळायचा, एक 'क्रोनो'सारखा लांब. बाकीचे सगळे बंद. नवा गेम आवडतो की नाही हे ठरवायला त्याला तीन बैठका द्या, पण पहिल्या बैठकीआधी त्याची पुस्तिका वाचा. पुस्तिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती सहज मिळतात. तीन बैठकांनंतर चौथ्या रात्री हात त्याच्याकडे गेला नाही, तर काट मारा. काट मारणं हेही यादी पुढे नेणंच आहे. आणि कन्सोलच्या मेनूत 'फेव्हरिट्स' करून बाकीचे हजारो गेम नजरेआड करा. दहानंतर मिळणारा अर्धा तास ती नावं चाळण्यात जातो, हे तुम्हीच लिहिलंय.

यंत्राबद्दल एक तातडीचं सांगतो. कन्सोलसोबत येणारं मेमरी कार्ड बहुतेकदा हलक्या दर्जाचं असतं आणि अचानक मरतं. आजच ते संगणकावर पूर्ण उतरवून घ्या, नावाजलेल्या कंपनीच्या नव्या कार्डावर चढवा, आणि महिन्यातून एकदा 'सेव्ह्ज' आणि 'स्टेट्स' हे दोन फोल्डर वेगळे काढून ठेवा. आणखी एक: अशा कार्डात भरून दिलेले गेम परवानगीने दिलेले नसतात. जे खरोखर आवडले ते विकत घेता येतात. 'काँट्रा', 'कॅसलव्हेनिया', 'मेगा मॅन' यांचे अधिकृत संग्रह आणि 'क्रोनो ट्रिगर' स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात आहेत.

मुलीबद्दल. ती कंटाळत नाही, तिला करायला काही नसतं. दुसऱ्याचा खेळ बघत बसणं तिच्या वयाला पाच मिनिटंच जमतं. तिच्या हातात दुसरा कंट्रोलर द्या, आणि सुरुवात 'काँट्रा'ने करू नका. 'चिप अँड डेल रेस्क्यू रेंजर्स' (१९९०) दोघांचा आहे. खोकी उचलायची, फेकायची, एकमेकांनाही उचलता येतं. हसू तिथूनच सुरू होतं. 'बबल बॉबल'चा खरा शेवट तर दोघं असतील तरच दिसतो. एकटीने खेळायला 'कर्बीज ॲडव्हेंचर' (१९९३): खड्ड्यावरून उडत जाता येतं आणि गेम स्वतः सेव्ह करतो. गेम तिला निवडू द्या, तुमच्या यादीत नसला तरी.

तर तूर्त विकू नका. डेंडी, गेम मोड आणि वायरचा कंट्रोलर एवढं करून महिनाभर 'मेगा मॅन २' खेळा. त्यानंतरही मन लागलं नाही, तर खुशाल विका.

भाऊ बेंगळुरूहून दिवाळीला येतो असं लिहिलंय. तो येण्याआधी दुसरा कंट्रोलर जोडून त्याची बटणं नेमून ठेवा. दुसऱ्या पोर्टची बटणं बऱ्याचदा रिकामीच असतात आणि ऐनवेळी अर्धा तास त्यातच जातो. दुसऱ्या स्टेजमध्ये खालचं बटण धरून आडवं पडलं की बहुतेक गोळ्या वरून जातात, हे त्याला आठवत असेलच. आणि तिसऱ्या स्टेजच्या धबधब्यात जो वर पोचेल त्याने थांबायचं. त्याने घाईने पुढची उडी घेतली की पडदा वर सरकतो, आणि खाली राहिलेल्याची लाइफ जाते.